बाराशे मिलिमीटरवर कापलेली इमारत

भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये टर्नरच्या हाती ड्रॉइंग पडलं, की त्याचे डोळे आधी आकृतीवर जात नाहीत. ते जातात कोपऱ्यातल्या चौकटीत. पार्ट नंबर काय, मटेरियल काय, रिव्हिजन कितवी आणि तो शेंडा छाटलेला शंकू कसा काढलाय. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, हे तो शंकू सांगतो. आपल्याकडची पद्धत फर्स्ट अँगलची. अमेरिकेतून आलेला कागद थर्ड अँगलचा. एवढं पाहायचं राहिलं, तर भोक भलत्याच अंगाला पडतं आणि जॉब भंगारात जातो. मग टॉलरन्स. २५ मिलिमीटरच्या भोकापुढे नुसतं ‘एच ७’ लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ त्याला पाठ असतो: भोक २५ पेक्षा लहान नको, आणि मोठं झालंच तर फार तर २१ मायक्रॉनने. त्या कागदावर उगाच काढलेली रेघ नसते. टर्नरला जे माप लागत नाही, ते तिथे नसतंच.

तिथून पुणे–नाशिक रस्त्याने मोशीकडे निघालं, की दोन्ही बाजूंना टॉवर वर चढताना दिसतात. त्यांच्या साइट ऑफिसातही ड्रॉइंगची चळत असते. ए-वन आकाराच्या शीट, वर ‘जीएफसी’चा शिक्का, म्हणजे बांधकामाला योग्य. शीटवर काय नसतं? ग्रिड असतं, भिंती असतात, भिंतींच्या आतले गिलाव्याचे थर असतात, कमोडचा प्रत्येक वळसा असतो, वॉशिंग मशीनचं गोल दार असतं, बेडवर दोन उशासुद्धा असतात. फक्त गवंड्याने लाइनदोरी कुठून धरायची, ते तेवढं सापडत नाही. साइट इंजिनिअर मोबाइल काढतो, आर्किटेक्टच्या ऑफिसला फोन लावतो, आणि उत्तर येईपर्यंत दोन माणसं विटांच्या थप्पीवर बसून राहतात.

दोन्ही कागद एकाच पट्ट्यातले. एक कारखान्यात वाचला जातो, दुसऱ्यावरून कारखाने आणि कामगारांची घरं बांधली जातात. मग दुसरा इतका गिचमिड का? माझं उत्तर थोडं उलटं वाटेल. ड्रॉइंग काढणं सोपं झालं, म्हणून ते वाचणं अवघड झालं.

ड्रॉइंग बोर्डाच्या जमान्यात प्रत्येक रेघेला कष्ट पडत. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५. कापलेली भिंत जाड पेनाने, पलीकडची पायरी बारीक पेनाने. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं आणि मग अमोनिया प्रिंट काढायला पळायचं. उशा काढण्याची हौस कोणाला परवडणार? ड्राफ्ट्समन जेवढं लागेल तेवढंच काढायचा, आणि काय लागेल हे त्याला ठाऊक असायचं, कारण साइटवरचा मुकादम संध्याकाळी येऊन त्याच्याच टेबलाशी भांडायचा. १९८२ साली ऑटोकॅड आलं. पेनं गेली, पण रेघ रेघच राहिली. ती ओढणारा माणूस अजून विचार करत होता.

मॉडेलने रेघ आणि विचार यांचं हे नातं मोडलं. इमारतीचं वर्णन रेघांऐवजी वस्तूंनी करायचं, ही कल्पना चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी संशोधकाने १९७५ मध्येच मांडली होती. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टने १९८०च्या दशकात आर्किकॅड आणलं. रेव्हिट २००० साली बाजारात आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते बनवणारी कंपनी सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. आज पुण्याच्या आर्किटेक्ट मंडळींत ‘बिम’, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रेव्हिटच येतं. यात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा नव्हेत. ती १५० मिलिमीटरची ब्लॉकची भिंत असते, तिला उंची असते, आतबाहेरचा गिलावा असतो, तिच्यात बसवलेलं दार असतं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन हे सगळे त्याच एका वस्तूचे वेगवेगळे छेद. दार हललं की सगळीकडे हलतं. दारांची यादी आपोआप तयार होते. सेक्शनच्या खुणेतल्या गोळ्यात शीट नंबर आपोआप येतो. पूर्वी हा नंबर हमखास चुकायचा आणि मुकादम अस्तित्वातच नसलेली शीट शोधत बसायचा. हा फायदा छोटा नाही.

पण छेद कुठे घ्यायचा, हे मॉडेलला कळत नाही. त्याला एक ठरावीक सवय असते. रेव्हिटच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्ये प्लॅनसाठी इमारत जमिनीपासून १२०० मिलिमीटरवर आडवी कापली जाते. चार फूट म्हणा. दिवाणखान्याच्या खिडकीला हे ठीक, कारण तिचा कट्टा त्याखाली असतो. आपल्याकडच्या संडास-बाथरूमचा व्हेंटिलेटर मात्र असतो डोक्याच्या वर. बाराशेवर कापलं की तिथे सलग भिंत दिसते. मॉडेलमध्ये व्हेंटिलेटर आहे, यादीत आहे, एलिव्हेशनमध्ये आहे, खर्चाच्या हिशेबातही आहे. पण गवंडी ज्या कागदावरून भिंत रचतो, त्या प्लॅनमध्ये नाही. तो सलग भिंत रचतो. नंतर ती फोडतात. उपाय आहे आणि तो सॉफ्टवेअरमध्येच आहे: तेवढ्या भागापुरती छेदाची उंची बदलायची, किंवा वरची वस्तू तुटक रेघेने दाखवायची. पण त्यासाठी कोणीतरी त्या बाथरूमकडे गवंड्याच्या नजरेने पाहायला हवं, आणि ते कलम कुठल्याच मेनूमध्ये नाही.

लॉफ्टचं तेच, किचन ओट्यावरच्या चिमणीच्या भोकाचं तेच. आपली घरं चार फुटांच्या वर बरंच काही साठवतात. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कदाचित ती घरं नसावीत.

मापांचा घोळ याहून मोठा. गवंड्याला हवं असतं न गिलावलेल्या भिंतीपासूनचं माप, कारण त्याच्यासमोर गिलावा अजून नाहीच. घर घेणाऱ्याला हवं असतं गिलाव्यानंतरचं, कारण त्याला पलंग बसवायचाय. फरशीवाल्याला तिसरंच. मॉडेलमधल्या भिंतीला हे सगळे पृष्ठभाग असतात आणि मापाची रेघ जिथे क्लिक कराल तिथे चिकटते. घाईतल्या मुलाने एक टोक गाभ्याला आणि दुसरं गिलाव्याला चिकटवलं, तर शीटवर २९८८ किंवा ३०१५ असला आकडा येतो. खोली तीन मीटरचीच ठरली होती. मुकादम तो आकडा पाहतो, ‘हे काही खरं नाही’ म्हणतो आणि स्वतःचं काहीतरी धरतो. त्यातून काही साइटवर अजून सूत चालतं. आठ सुतांचा इंच. १२ मिलिमीटरची सळई म्हणजे ‘चार सुती’. कागदावरचे मिलिमीटर मनातल्या मनात फूट-इंच-सुतात उतरतात आणि त्या उतरण्यात पाच-सात मिलिमीटर सांडतात.

इथे रेव्हिटचं एक कौतुक करायलाच हवं. ऑटोकॅडमध्ये मापावर दुहेरी क्लिक करून हवा तो आकडा टाइप करता येत असे. रेघ २९८८ची, वर लिहिलेलं ३०००. साहेब खूश, साइट खड्ड्यात. रेव्हिट बरीच वर्षं खऱ्या मापाच्या जागी दुसरा आकडा टाइप करू देत नसे. मजकूर लिहा म्हणायचं, अंक नाही. अर्थात माणूस हुशार: न दिसणारं एखादं चिन्ह जोडून तो अंक मजकुराच्या वेषात घुसवायचा. हा उद्योग करणाऱ्यांना मी ओळखतो, आणि ते सांगतात ते कारणही खरं असतं. रात्री नऊला जीएफसी सेट पाठवायचा असतो, मॉडेल दुरुस्त करायला दोन दिवस लागतील.

काँक्रीटला मोकळीक किती असते, तेही पाहा. आयएस ४५६ (२०००) या मानकात कॉलम आणि बीमच्या छेदाच्या मापाला अधिक १२, उणे ६ मिलिमीटर एवढी सूट आहे. म्हणजे १८ मिलिमीटरचा पट्टा. भोसरीच्या टर्नरच्या २१ मायक्रॉनपुढे ठेवून पाहिलं तर हसू येईल. पण म्हणूनच बांधकामाच्या ड्रॉइंगमध्ये कुठलं माप पक्कं आणि कुठलं पडेल ते घ्यायचं, हे सांगणं जास्त गरजेचं असतं. लिफ्टचा शाफ्ट आतून अमुकपेक्षा लहान नको. जिन्याची रुंदी नियमात बसलीच पाहिजे. पॅसेज मात्र उरेल तेवढा. वर्कशॉपच्या कागदावर अशी मापं कंसात टाकतात: फक्त माहितीसाठी. इमारतीच्या शीटवर सगळी मापं एकाच तोऱ्यात उभी असतात.

आता रेघेची जाडी. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ९६२ हे वास्तुड्रॉइंगसाठीचं मानक १९८९च्या आवृत्तीत उपलब्ध आहे. किती ऑफिसांत ते उघडलं जातं, हा प्रश्न विचारू नये. मॉडेलमधून शीट काढताना कापलेलं जाड, मागचं बारीक, त्याहून मागचं फिकट, हे एकदा नीट बसवून व्ह्यू टेम्प्लेट तयार केलं, की पुढच्या शेकडो शीटला ते लागू होतं. इतकं सोपं काम. ते न केल्याने उशी आणि कॉलम एकाच जाडीत छापले जातात. स्क्रीनवर रंग असतात म्हणून खपून जातं. साइटवर झेरॉक्स काळीपांढरी. शिवाय ए-वन शीट साइट ऑफिसच्या प्रिंटरवर ए-थ्रीत काढतात. लांबी-रुंदी निम्मी होते, अडीच मिलिमीटरची अक्षरं सव्वा मिलिमीटरची होतात. तिथून पुढे तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर जातो. वाकडमधलं आर्किटेक्टचं ऑफिस ज्या शीटवर आठवडाभर बसलेलं असतं, ती बारबेंडरला दिसते ती अशी: धुरकट, कडेला अंगठा, रिव्हिजनचा कोपरा कापलेला.

म्हणून सगळं मॉडेलमध्ये घाला, हा आग्रह मला पटत नाही. टॉयलेटचा बुडीत स्लॅब, त्यात ब्रिकबॅट कोबा, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किती चढवायचा, नहाणी ट्रॅपभोवती काय भरायचं, गच्चीच्या कठड्यापाशी वाटा कसा काढायचा, छज्ज्याच्या खाली पाणी मागे फिरू नये म्हणून खाच कुठे हवी: हे एकास पाच किंवा एकास दहाच्या प्रमाणात, साध्या द्विमितीत, हाताने विचार करून काढायचं काम आहे. पुण्यातल्या घरांची गळती याच दोन-तीन इंचांत ठरते. अमेरिकेतल्या बिमफोरमने मॉडेलच्या तपशिलाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत, लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट १०० पासून पुढे; ३०० ला आकार-माप नक्की, ४०० ला घडवण्याइतका तपशील. प्रत्येक नहाणी ट्रॅप ४०० पर्यंत नेणारं ऑफिस दिवाळखोरीत जाईल. ३०० वर थांबून उरलेलं काहीच न काढणारं ऑफिस मात्र मजेत चालतं, आणि गळतीचं खापर गवंड्यावर फुटतं.

चाकणला गेलं की चित्र बदलतं. निदान निम्मं.

बजाजचा चाकण कारखाना १९९९चा. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. तिथे प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, असेंब्ली असं सगळं एका आवारात. मर्सिडीज आली, महिंद्रा आली, त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणारे आले. वाहन कारखान्याची इमारत म्हणजे वर पत्रा आणि खाली कोबा, असं बाहेरून वाटतं. आत प्रेस शॉपखाली खोल पिट असतो, त्यात भंगार वाहून नेणारा कन्व्हेअर. पेंट शॉप अनेक मजली, हवेचे डक्ट, भट्ट्या, गाडीची बॉडी बुडवायच्या टाक्या. छतातून लटकणारे कन्व्हेअर आणि त्यांचं वजन. आणि यंत्रं परदेशी. त्यांचं पक्कं ड्रॉइंग येईपर्यंत पायाचं काँक्रीट ओतून झालेलं असतं. डक्ट आणि गर्डर एकमेकांत घुसतायत का, केबलची ट्रेंच पिटला आडवी जातेय का, हे तपासायला मॉडेलसारखी गोष्ट नाही. क्लॅश कागदावर सापडला तर रबरने खोडता येतो. काँक्रीटमध्ये सापडला तर कोअर कटिंगवाल्याला बोलवावं लागतं.

याच पट्ट्यातल्या स्टीलच्या शेडची ड्रॉइंगं पाहावीत. फिनलंडमध्ये जन्मलेल्या टेक्लासारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गर्डर, प्रत्येक बोल्ट उभा करतात. त्या मॉडेलमधून तीन वेगवेगळ्या माणसांसाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी निघतात. प्लेट कापणाऱ्या आणि भोकं पाडणाऱ्या यंत्राला थेट फाइल जाते, कागदच नाही. वेल्डरला एका तुकड्याचं एक शॉप ड्रॉइंग मिळतं. आणि क्रेन घेऊन साइटवर उभ्या असलेल्या टोळीला इरेक्शन ड्रॉइंग: कुठला मार्क नंबर कुठल्या ग्रिडवर, तोंड कुठल्या दिशेला, बस्स. त्यात वेल्डची जाडी नाही, प्लेटचं माप नाही. क्रेनवाल्याला त्याचं करायचंय काय? तो कागद उन्हात, हेल्मेटखालून, दहा सेकंदांत वाचता येतो. शेजारीच त्याच शेडच्या पायाची, आरसीसीची शीट पडलेली असते आणि तिच्यात अँकर बोल्टच्या जागा शोधायला पाच मिनिटं लागतात. बोल्ट चुकला, तर गर्डर बसत नाही. आणि इथे चूक सुतांत चालत नाही.

मेट्रोतही हेच दिसतं. जानेवारी २०१७ मध्ये नागपूरच्या मेट्रो कंपनीचं रूपांतर महामेट्रोत झालं आणि पुण्याचा प्रकल्पही तिच्याकडे आला. मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडायचा, ज्याला फाइव्ह-डी बिम म्हणतात, तो प्रयोग देशातल्या मेट्रोंत आपण पहिल्यांदा केला, असं महामेट्रो नागपूरच्या कामाबद्दल सांगते. आपल्याकडे ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी गाडी धावली. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचा तो उन्नत मार्ग सेगमेंटचा आहे. कास्टिंग यार्डात ओतलेले काँक्रीटचे तुकडे, प्रत्येकाला क्रमांक, वळणावरचे एकमेकांहून किंचित वेगळे. जी वस्तू यार्डात बनते, तिचं ड्रॉइंग आपोआप नेमकं होतं, कारण ते कोणासाठी हे ठरलेलं असतं. जी वस्तू जागेवर बनते, तिच्या ड्रॉइंगला ‘सगळ्यांसाठी’ म्हणतात, म्हणजे कोणासाठीच नाही.

गंमत अशी, की आर्किटेक्टच्या ऑफिसात सर्वांत काळजीने काढलेलं ड्रॉइंग साइटसाठी नसतं. ते पालिकेसाठी असतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. परवानगीसाठी कॅड फाइल ठरावीक लेयरमध्ये द्यायची आणि संगणकाने चटई क्षेत्र, सामासिक अंतरं, पार्किंग मोजायचं, ही पद्धत त्याआधीच रुळली होती. पुण्याच्याच सॉफ्टटेक कंपनीचं ऑटोडीसीआर हे त्यातलं जुनं नाव. तिथे लेयर चुकला तर फाइल परत. म्हणून मुलं मॉडेलमधून रेघा बाहेर काढतात, तिसरी मिती फेकून देतात आणि नव्याने लेयर लावत बसतात. सिंगापूरने २० हजार चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतींसाठी जुलै २०१३ पासून मॉडेलच सादर करायला लावलं. आपण मॉडेल करतो आणि दारात पोचल्यावर ते सपाट करतो. त्यानंतर महारेरा: २०१६च्या कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. म्हणजे बाहेरची भिंत १५० ची की १०० ची, याला रुपयांचा अर्थ आला. त्या चौकटीपुरती मापं दशांश चिन्हापुढच्या आकड्यांपर्यंत तपासली जातात. दंडाची भीती असली की आपल्याला स्वच्छ ड्रॉइंग काढता येतं, एवढं यातून कळतं.

पैसे मिळाले तरी येतं. पुण्यात, हिंजवडी-बाणेरच्या काचेच्या इमारतींत, परदेशातल्या प्रकल्पांची मॉडेलं आणि ड्रॉइंगं करून देणारी ऑफिसं आहेत. अमेरिकेतलं हॉस्पिटल, लंडनमधलं ऑफिस. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिम सक्तीचं केलं, पुढे २०१८ मध्ये आयएसओ १९६५० हे जागतिक मानक आलं, आणि फाइलचं नाव कसं द्यायचं इथपासून सगळं लिहून ठेवलेलं असतं. तिथे बसलेली मुलं आपलीच. नांदेडची, साताऱ्याची, कुणी आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, कुणी बीआर्क. कुठली रेघ किती जाड, कुठली शीट कोणासाठी, हे ती काटेकोर पाळतात. तीच मुलं नोकरी बदलून स्थानिक बिल्डरच्या कामावर आली, की पहिल्याच आठवड्यात ऐकतात: ‘एवढं कशाला, साइटवर बघून घेतील.’

आणि बघून घेतात. मग इमारत उभी राहते, हस्तांतर होतं, मालकाला पेनड्राइव्हवर ‘अॅज-बिल्ट’ मॉडेल मिळतं. चाकणच्या कारखान्यात नवं वाहन आलं की लाइन बदलते, पाइप सरकतात, पॅनेल हलतं. मेंटेनन्सचा माणूस पेनड्राइव्ह शोधत नाही. इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराला आतून ड्रॉइंग ठेवायचा खिसा असतो. तो त्यातला कागद काढतो, बदललेली केबल लाल पेनाने मारतो, तारीख टाकतो, परत ठेवतो. सध्या त्या कारखान्यातली खरी नोंद ती. ती मॉडेलमध्ये परत भरायचं काम कोणाचं, हे ना आर्किटेक्टच्या करारात लिहिलेलं असतं, ना ठेकेदाराच्या. दोन माणसांचा वर्षातून पंधरा दिवसांचा पगार, एवढाच त्याचा खर्च असावा. पुढच्या निविदेत ते एक कलम घालायला कारखान्याच्या खरेदी विभागाला कोणाची परवानगी लागते, हे मात्र विचारून पाहण्यासारखं आहे.